चिल्ला आणि गार पडलेलं बाळ

माझ्या भाचीच्या बाळाने नवव्या दिवशी दूध ओढणं सोडलं. ताप नव्हता, उलट अंग गार. बडी अम्मीने नजर उतरवली. चिल्ला संपायच्या आत बाळाला बाहेर काढायचं का, या वादात रात्र गेली. मी तिथेच होते, बी.एड. झालेली, आणि गप्प बसले. सकाळी डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस आहे, रात्रीच आणायला हवं होतं." अल्लाहचा करम, बाळ वाचलं.

तेव्हापासून याबद्दल मिळेल ते वाचते. रक्तात जंतू शिरले की त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःच इतका दाह पेटवतं की त्यात मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडं होरपळतात. अँटिबायोटिक जंतू मारतं, ही आग विझवत नाही. म्हणून दाह शांत करणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. पेंटॉक्सिफायलीन हे रक्ताभिसरणाचं जुनं औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर तपासलं गेलं आहे. दात्यांच्या रक्तातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनवरही मोठी आशा होती. २०११ मध्ये नऊ देशांतल्या ३,४९३ बाळांवरील चाचणीचा निकाल आला : मृत्यू आणि अपंगत्व, दोन्हींत फरक नाही. साहजिक आहे, जी आग जाळते तीच जंतूंशी लढतेही. किती विझवायची, हे ठरवणार कसं?

तरी शोध थांबू नये. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. बाळांच्या रक्तात सापडलेले कितीतरी जंतू अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नव्हते. पण उद्या उत्तम औषध आलं, तरी आमच्या घरातली ती रात्र ते कसं भरून काढणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना लक्षणं ओळखायला, घरीच जेंटामायसिन टोचायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. औषध जुनंच होतं, फक्त वेळेवर मिळालं.

चाळीस दिवसांची सवलत बाळंतिणीच्या आरामासाठी आहे. आजारी बाळाला दवाखान्यात नेऊ नका, असं दीन कुठेच सांगत नाही. इमाम साहेबांनी जुम्म्याच्या बयानात एवढं जरी सांगितलं, तरी बड्या अम्म्या ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या माता-पालक सभेत फळ्यावर उर्दूत आणि मराठीत लिहिणार : दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा गरम, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, बेंबीतून पू. यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला निघायचं. दुआ रिक्षात करता येते.