सगळेच पडणे सारखे नसते

मोटारसायकल शर्यतींचा विषय निघाला की आपल्या वसतिगृहात एक मत हमखास ऐकू येते : जो जास्त पडतो तो बेदरकार. हे मत मला अर्धवट वाटते.

२०१७ साली मोटोजीपीच्या अव्वल गटात सर्वांत जास्त, म्हणजे ३१ वेळा, ब्रिटनचा सॅम लोज पडला. त्याच्या खालोखाल, २७ वेळा, स्पेनचा मार्क मार्केझ. लोज गुणतक्त्यात तळाला राहिला. मार्केझ जगज्जेता झाला! मग फरक कशात?

टायरची पकड ही मोजकी पुंजी. तीच ब्रेकला पुरवायची, तीच वळणाला. दोन्हीकडे एकदम उधळली की पुढचे चाक घसरलेच म्हणून समजा. शिवाय ही पुंजी कायम सारखी नसते. जर्मनीतील झाक्सेनरिंगवर १० वळणे डावी आणि ३ उजवी. ओळीने डावी वळणे घेताना टायरची उजवी बाजू थंड पडते, आणि पुढचे उजवे वळण भल्याभल्यांना लोळवते.

ही मर्यादा मार्केझ सरावात पडून शोधीत असे. त्या वर्षी पडल्यामुळे त्याने शर्यत गमावली ती दोनदाच. लोजचे या गटातले ते पहिलेच वर्ष. गाडीची मर्यादा उमगण्याआधीच तो ती ओलांडीत राहिला, असे मला वाटते.

म्हणून मार्केझला निर्दोष म्हणावे काय? मुळीच नाही. २०२० मध्ये हेरेझच्या शर्यतीत त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांत तो पुन्हा गाडीवर बसला. पुढे हाडाला बसवलेली पट्टी तुटली आणि सारा हंगाम हातचा गेला. पुन्हा जगज्जेता व्हायला २०२५ साल उजाडले. मर्यादा शोधणे वेगळे आणि समोर दिसत असलेली मर्यादा नाकारणे वेगळे. अती तेथे माती!

मित्रहो, शर्यतपटूला घसरायला खडीचा पट्टा असतो, अंगात हवेची पिशवी असलेला पोशाख असतो. टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ आपल्यासमोर भाजीची हातगाडी नाहीतर शाळेचे पोर असते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एकजण तेथेच पडला. पाय जुळला, पण वर्ष गेले. पडून शिकावे हे खरे. पण त्यासाठी जागा सरावाची हवी. रस्ता ही ती जागा नव्हे.