आठ मिलिमीटरचा धाक

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मूल होण्यासाठी येणारी जोडपी नागपूरचीच नसतात. चंद्रपूर, गडचिरोली, थेट छिंदवाडा-बालाघाटहून येतात. 'गर्भाशयाचे अस्तर आठ मिलिमीटरच्या वर गेले नाही, या महिन्यात भ्रूण सोडता येणार नाही' हे वाक्य त्यांच्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असते. त्यातला आठ हा आकडा गर्भाशयाच्या दाराचे कुलूप असल्यासारखा सांगितला जातो, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या उभ्या छेदावर समोरासमोरचे दोन्ही थर मिळून अस्तराची जाडी मोजतात. प्रोब जरा तिरपा झाला की माप बदलते. शिवाय जाडी इस्ट्रोजेनचे काम सांगते. भ्रूण स्वीकारण्याची तयारी त्यानंतरच्या प्रोजेस्टेरॉनने होते, तीही मोजक्या दिवसांपुरती, आणि ती मिलिमीटरमध्ये दिसत नाही.

म्हणून जाडी निरर्थक ठरत नाही. २०१४ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात सात मिलिमीटर किंवा कमी अस्तर असताना शंभरात सुमारे २३ वेळा गर्भधारणा झाली, त्याहून जाड असताना ४८ वेळा. फरक दुपटीचा आहे. पण इतके पातळ अस्तर शंभरात जेमतेम दोन-तीन उपचारचक्रांत सापडले, आणि २३ म्हणजे शून्य नव्हे. कॅनडातल्या चाळीस हजारांहून अधिक भ्रूणरोपणांची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आकडेवारी अधिक बोलकी आहे. गोठवलेल्या भ्रूणांत आठच्या वर जिवंत जन्माचे प्रमाण २८.४ टक्के, सात ते आठमध्ये २७.४, पाच ते सहामध्ये मात्र १५. हा उतार आहे, भिंत नाही. ताज्या भ्रूणांत आठच्या खाली घसरण मोठी दिसते, हे खरे. पण तिथे भ्रूण गोठवून थांबण्याची सोय आहे.

'गोठवलेले भ्रूण म्हातारे होत नाही, मग घाई कशाला?' असे कोणी विचारील. हातात एकच भ्रूण आणि अस्तर साडेपाच असेल, तर थांबणेच शहाणपणाचे. पण साडेसातला रद्द केलेला महिना फुकटात पडत नाही: गोळ्या, सोनोग्राफीच्या फेऱ्या, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी. 'मग पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स अस्तरासाठी गर्भाशयात सोडणे, करून पाहायला काय हरकत?' हा दुसरा युक्तिवाद. अस्तर खरवडण्याबद्दलही हेच म्हटले जाई. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत जिवंत जन्म २६.१ टक्केच निघाले. पीआरपीमागेही मोठा निर्णायक पुरावा अजून उभा नाही. बिल मात्र लगेच उभे राहते.

खरा प्रश्न अस्तर पातळ का, हा आहे. आपल्याकडे पिशवीचा क्षयरोग आणि क्युरेटिंगनंतरची चिकटलेली जागा ही दोन कारणे आधी तपासायला हवीत. अस्तराचा मूळ थरच जळाला असेल, तर गोळ्या वाढवून तो उगवत नाही. दुर्बिणीने तपासणी केली तर चिकटलेली जागा दिसते, अनेकदा सोडवताही येते. क्षयरोगाची औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. तेव्हा पुढचे चक्र 'अस्तर पातळ' म्हणून रद्द झाले, तर नव्या इंजेक्शनच्या दराआधी डॉक्टरांना कारण विचारा आणि ते फाइलवर लिहून घ्या.