चकतीची भुताटकी आणि नोंदवहीचा विसर

ग्रंथालयाच्या दारातून बाहेर पडताना पुस्तकात चिकटवलेली एक पातळ चकती स्वतःचा क्रमांक सांगून मोकळी होते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. या आरएफआयडी चकतीविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात : एक आरतीचा, दुसरा भुताटकीचा. मला दोन्ही अमान्य आहेत.

भुताटकीचे आधी पाहू. या चकतीत बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींतून मिळालेल्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, इतकेच. ग्रंथालयातली चकती मीटरभराच्या पलीकडून सहसा वाचता येत नाही. उपग्रह तिचा माग काढतो ही निव्वळ भाकडकथा. उलट, भलत्याच कप्प्यात हरवलेला ग्रंथ तिच्यामुळे सापडतो, हा उपकार कोणता ग्रंथपाल नाकारील?

आरती करणाऱ्यांना मात्र एक विचारावेसे वाटते : ही चकती चिकटते कुणाच्या इच्छेने? २००५ साली कॅलिफोर्नियातील सटर येथील एका शाळेने हजेरीसाठी मुलांच्या गळ्यात अशी ओळखपत्रे अडकवली. पालकांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. तो नसणाऱ्यास दुप्पट पथकर पडू लागला. नाक्यावरची रांग आखडली हे मान्य. पण नाका ओलांडल्याची प्रत्येक वेळ कुठेतरी नोंदली जाऊ लागली, याची चर्चा कितीशी झाली?

जुन्या ग्रंथालयातही नोंद असेच, असे कुणी म्हणेल. खरे आहे. परंतु हजारो कार्डे चाळून एका वाचकाची वाट शोधण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नसे. ते कष्ट हेच आपले संरक्षण होते. संगणकाने ते संपवले आणि चकतीने नोंद निमूट केली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ग्रंथालयापुरता त्याचा अर्थ लावायचा तर मागणी साधी आहे : चकतीत केवळ पुस्तकाचा दाखल क्रमांक असावा, आणि पुस्तक परत येताच ते कुणी नेले होते ही नोंद पुसली जावी.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ असे विचारणाऱ्यास वाचन म्हणजे काय हेच उमगलेले नाही. उद्या टाकून द्यायचे मत आज तपासून पाहण्यासाठी माणसाला एकांत लागतो. तो न देणारे ग्रंथालय हे पुस्तकांचे गोदाम होय.