बॅकअपचे तास कोटेशनमध्ये लिहा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि काही गावांत लाइट परत यायला कित्येक आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, आणि २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. हे सगळे पाहिल्यानंतरही आपल्या सीसीटीव्हीच्या धंद्यातले सर्वसाधारण कोटेशन बदललेले नाही. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, डीव्हीआर किती चॅनेलचा, हार्डडिस्क किती टीबीची, केबल किती मीटर, हे सगळे त्यात असते. लाइट गेल्यावर यंत्रणा किती तास चालेल, ही ओळ मात्र नसते. ‘यूपीएस – १ नग’ एवढ्यावर विषय संपतो.

त्या एका नगाचा हिशेब मांडून पाहू. आठ कॅमेऱ्यांचे साधे दुकान घ्या. रात्री आयआर चालू असताना एक कॅमेरा साधारण ५ वॉट घेतो, म्हणजे आठांचे ४० वॉट. डिस्कसह डीव्हीआरचे १५ आणि राउटरचे १० धरले की लोड झाला ६५ वॉट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॉट-तासांची आहे, पण इतक्या लोडवर हाती येते त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे अर्धा-पाऊण तास, तोही बॅटरी नवी असताना. दोन पावसाळे झालेली बॅटरी दहा मिनिटांतच मान टाकते. ग्राहकाची समजूत मात्र अशी असते की यूपीएस बसवला, आता काळजी मिटली. ती समजूत आपणच करून दिलेली आहे.

१५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला, तर इन्व्हर्टरचा स्वतःचा वीजवापर धरूनही हाच लोड पंधरा तासांच्या आसपास चालतो. वादळाची एक रात्र त्यात निभावते, दुसरी निभावत नाही. म्हणून काय चालू ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे वायरिंग करतानाच ठरवायला हवे. गल्ला, मुख्य शटर आणि गोडाऊनचे दार हे तीन कॅमेरे वेगळ्या एसएमपीएसवर घ्या. उरलेल्या पाचांचा एसएमपीएस साध्या लाइनवर ठेवा आणि त्याला बॅकअप देऊच नका. लाइट गेली की ते आपोआप बंद होतील आणि तीच बॅटरी दिवसभर पुरेल. आयपी यंत्रणेत हेच काम दोन छोटे पीओई स्विच करतात. एका मोठ्या स्विचवर सगळे कॅमेरे बांधले की ही निवड करायला जागाच राहत नाही.

लाइट आठवडाभर येणार नाही हे दिसत असेल, तर डीव्हीआर रीतसर शटडाउन करा आणि एकच काम चालू ठेवा: मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग करणारा एक आयपी कॅमेरा, थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर. त्याला किती व्होल्टेज चालतो ते आधी पाहून घ्या. ४२ एएचच्या बॅटरीवर तो जवळपास तीन दिवस जातो. सौर पॅनेल जोडायला हरकत नाही, पण जूनच्या ढगांत १०० वॉटचे पॅनेल त्याच्या नावाच्या निम्मेही देत नाही, हे ग्राहकाला आधी सांगा.

हार्डडिस्क लाइट गेल्याने जितकी खराब होत नाही तितकी लाइटच्या ये-जा करण्याने होते. बॅटरी उतरत आली की डीव्हीआर चालू होतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो, आणि त्या धडपडीत डिस्कवरची नोंद बिघडते. लो-बॅटरी कटऑफ नीट लागलेला यूपीएस म्हणूनच घ्यायचा. लाइट परत येते तो क्षणही धोक्याचा. वादळानंतर न्यूट्रल तुटलेला असेल, तर सिंगल फेजच्या सॉकेटवर ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर, तोही काही मिनिटे थांबून लोड जोडणारा, प्रत्येक बंद दुकानात हवाच. त्याची किंमत एका अडॅप्टरच्या बदलीत निघते.

घड्याळाकडे मात्र आपल्यातले चांगले तंत्रज्ञही पाहत नाहीत. डीव्हीआरच्या बोर्डवर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपलेली असेल आणि लाइट बराच काळ गेली, की डीव्हीआर कुठल्यातरी जुन्या तारखेवर उठतो. इंटरनेटही बंद असल्याने वेळ आपोआप दुरुस्त होत नाही. समजा, चोरी ५ जूनच्या पहाटे झाली, चित्रणही झाले, पण ५ जून शोधला तर पडदा रिकामा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली असे चित्रण न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात हॅश मूल्यही नोंदवायचे असते. हॅश अचूक असला तरी पडद्यावरची तारीख चुकीची असेल, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. एएमसीच्या भेटीत मे महिन्यात ही बॅटरी बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

आकाशातून पडणाऱ्या विजेबद्दल एवढेच सांगतो: फाटकावरच्या लोखंडी खांबावर कॅमेरा असेल आणि तिथून साठ-सत्तर मीटर तांब्याची केबल एनव्हीआरपर्यंत येत असेल, तर जवळपास पडलेली वीज त्याच वाटेने आत येते. तिथे फायबर टाका. आर्मर्ड फायबर असेल तर त्याचे धातूचे आवरण अर्थ करायला विसरू नका. अर्थिंगचा रोध मे महिन्यातच मोजा. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत तो सर्वांत जास्त भरतो, आणि पूर्वमोसमी विजा पडतात त्याही तेव्हाच. पावसाळ्यात मोजून छान आकडा लिहिणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आणि डीव्हीआर काउंटरखाली ठेवू नका. चिपळुणात तळमजले बुडाले, तेव्हा काउंटरखालचे सगळे सर्वांत आधी गेले. माळ्यावर, छताच्या गळतीपासून दूर, हवा खेळेल अशा पेटीत तो असावा.

या महिन्यात प्रत्येक एएमसीच्या ठिकाणी एक चाचणी करा. ग्राहकाला सांगून संध्याकाळी मेन स्विच खाली करा, आयआर चालू होऊ द्या आणि यंत्रणा बंद पडेपर्यंत थांबा. चाचणी झाली की बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या. किती तास किती मिनिटे चालली ते तारखेसह डीव्हीआरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहा, आणि तोच आकडा पुढच्या कोटेशनच्या पहिल्या ओळीत टाका.