जीप सोडा, ढाणीत बसा

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले जैसलमेरची वाट धरतात. कार्यक्रम ठरलेला असतो. तिथल्या माळरानात, सुदासरीकडे जीप, दोन दिवसांत माळढोक, गिधाडं, चिंकारा, आणि परतीची गाडी. माळढोकासाठी एवढ्या लांब जावं लागतं, कारण सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठीच अभयारण्य झालं, तिथे आज तो दिसला तर बातमी होते. जायला माझी हरकत नाही. पण थार जीपमधून जेवढा दिसतो त्याहून कितीतरी जास्त ढाणीच्या अंगणातून दिसतो.

ढाणी म्हणजे शेतातली दोन-चार घरांची वस्ती. काट्यांचं कुंपण, पावसाचं पाणी साठवायचा जमिनीखालचा टांका, दारात खेजडी, म्हणजे आपली शमी. पहाटे अंगणाला झाडू लागण्याआधी तिथे उभं राहावं. रात्री कोण येऊन गेलं ते वाळूत उमटलेलं असतं. उंदरांच्या उड्या, खोकडाची एका रेषेत गेलेली पावलं, आणि एकमेकींना न जोडलेल्या तिरक्या रेघा दिसल्या तर समजा फुरसं गेलंय. तिथे त्याला बांडी म्हणतात. (चपला घालून फिरणाऱ्या पाहुण्यांनी हे वाक्य परत वाचावं.) खोकडाचा फोटो काढताना शेपटीचं टोक चौकटीत यायलाच हवं. पांढरं असेल तर ते वाळवंटी खोकड, काळं असेल तर आपल्या माळावरचं साधं. नुसता देखणा चेहरा टिपला तर ओळख पटवताना पंचाईत होते.

आणि सांडा, तिथला काटेरी शेपटीचा सरडा. हिवाळ्यात जाणाऱ्यांना तो भेटणं कठीण, कारण थंडीत तो बिळाचं तोंड मातीने बुजवून आत पडून राहतो. मार्चनंतर ढाणीमागच्या कडक जमिनीवर सकाळी ऊन चढू लागलं की बिळातून आधी एक बोथट डोकं वर येतं. बराच वेळ तेवढंच. मग अर्धं अंग. तेव्हा तो काळपट असतो, उन्हात तापत गेला की पिवळसर, वाळूच्या रंगाचा होतो. शेपटीवर काट्यांची कडी असतात, पण हा गडी मुख्यतः पाला, फुलं खाणारा. आकाशात लग्गड ससाणा दिसला की क्षणात आत. संध्याकाळी पुन्हा दार बंद. याचा फोटो घ्यायचा तर पोटावर पडून, हलायचं नाही, तो आत गेला तरी उठायचं नाही. उन्हं तापली की जमिनीवरची हवा लहरू लागते आणि लांबून घेतलेला फोटो महागड्या लेन्सलाही धुरकट येतो. म्हणून सकाळीच, आणि जवळून. हे जवळ जाणं रोज तिथे बसणाऱ्यालाच जमतं.

जीपचा एक फायदा मान्य करायला हवा. चालत्या माणसाला प्राणी बुजतात तेवढे गाडीला बुजत नाहीत. पण चांगल्या कोनासाठी चालक वाट सोडून गाडी घालतो, तेव्हा चाकांखाली सांड्याची बिळं येतात. माळढोकाची मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालते. त्याचं गणित करायला नको.

घराजवळ प्राणी यावेत म्हणून खाणं टाकण्याचा मोहही नकोच. उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याचा परिंडा टांगणं ही तिथली रीत आहे, ती चांगलीच. खोकडासाठी मांसाचे तुकडे टाकले की मात्र मागोमाग कुत्री येतात, आणि थारमध्ये चिंकाऱ्याच्या जिवावर उठलेली भटकी कुत्री हे मोठंच संकट आहे. दोन फोटोंपायी ते दारात बोलवू नये.

शेवटी एक विनंती. तेलाच्या खुळ्या समजुतीपायी सांड्याला आजही बिळातून खणून काढून मारतात. कुणी पैसे घेऊन सांडा ‘काढून दाखवतो’ म्हणाला तर तिथेच नकार द्या आणि वनखात्याला कळवा. फोटो टाकाल तेव्हा मोबाइलमधली जागेची नोंद बंद करा. ढाणीचं, गावाचं नाव लिहू नका, जिल्हा पुरे.