दोन मिनिटांपुरते इंजिन

अग्रलेखाने पहिल्या पानावर यावे ते राज्यांच्या उलथापालथीसाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आज आम्ही ही जागा मोटारीचे इंजिन सुरू कसे करावे आणि बंद कसे करावे, ह्या साध्या प्रश्नाला देत आहोत. हा विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी संध्याकाळी एखाद्या औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. मोटार कडेला येते, इंजिन चालूच राहते, मागच्या आसनावर मूल खेळत असते आणि गृहस्थ ‘दोनच मिनिटे’ म्हणून उतरून जातात. तेवढ्या वेळात ते मूल पुढे येऊ शकते आणि गिअरच्या दांड्यापर्यंत त्याचा हात पोहोचू शकतो, हा विचार त्या सुविद्य गृहस्थांच्या मनाला शिवतही नाही.

ही बेफिकिरी सुलभतेतून आली आहे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसवला गेला. तत्पूर्वी इंजिन सुरू करावयाचे ते पुढे उभे राहून, हँडल मारून. हँडल उलटले तर मनगट मोडे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. त्यामुळे आधी गिअर व ब्रेक पाहणे त्याला भागच होते. स्टार्टरने तो धोका दूर केला ही इष्टच गोष्ट झाली; परंतु त्या धोक्याबरोबर पाहण्याची सवयही गेली. आज बाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवणारे महाभाग आढळतात. क्लच दाबल्याशिवाय सुरूच न होणाऱ्या गाड्या आता निघाल्या आहेत; पण प्रत्येक गाडी तशी नाही. गिअरमध्ये उभी केलेली गाडी त्या एका झटक्यासरशी पुढे उडी घेते, आणि पुढे भिंत आहे की माणूस, हे ती पाहत नाही.

म्हणून नियम असा : आधी आसनावर बसावे, हातब्रेक ओढलेला आहे हे पाहावे, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच व ब्रेक दाबावा आणि मगच किल्ली फिरवावी. इंजिनाने पेट घेताच किल्ली सोडावी. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा विझला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. थंड इंजिनावर ॲक्सिलरेटर दाबून गुरगुराट करण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. तेल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी यंत्राची झीज मात्र होते.

बंद करण्याचे शास्त्र याहून महत्त्वाचे. गाडी पूर्ण थांबल्यावर न्यूट्रल, मग हातब्रेक, मग इंजिन बंद. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर आणि उतारावर असेल तर रिव्हर्स टाकून ठेवावा. हा केवळ आमचा उपदेश नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १२६ सांगते की, चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याविना, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केल्याविना, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. ‘दोन मिनिटां’चा अपवाद त्या कलमात आम्हांस कोठेही आढळला नाही.

किल्ली जाऊन बटण आले तेव्हा विसराळूपणालाही नवे दार उघडले. अमेरिकेत घराला लागूनच असलेल्या गॅरेजमध्ये अशा गाड्या नकळत चालू राहिल्या आणि कार्बन मोनॉक्साइडने घरात झोपलेल्या माणसांचे प्राण घेतले. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. अखेर २०२१ साली तेथील काँग्रेसला असे इंजिन ठरावीक वेळानंतर आपोआप बंद व्हावे असा नियम करण्याविषयी कायद्यात तरतूद करावी लागली. आपल्याकडे बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणाऱ्यांनी ह्यावरून बोध घ्यावा.

इंजिन बंद करण्याची एक वेळ मात्र सर्वस्वी चुकीची आहे. घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद करणारे चालक अद्यापि भेटतात. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोनतीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते अडकूनच बसते. बरे, बचत म्हणावी तर तीही बेताचीच. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप तुटतो. उलट गिअर ठेवला म्हणजे इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरते. चार थेंबांसाठी कुटुंब दरीच्या काठावर नेणे ह्याला काटकसर म्हणत नाहीत.

आणि पावसाळ्याचे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या दिवशी मोटारी सोडून पायी निघालेले मुंबईकर अजून पुष्कळ आहेत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुनःपुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. वाकतो तो यंत्राचा दांडा. काच उतरते आहे तोवर माणसांनी बाहेर पडावे. यंत्र दुरुस्त होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमाने परवान्याच्या परीक्षेत इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या खबरदारीचा समावेश केलेला आहे. ती परीक्षा खरोखर घेतली जावी आणि मोटार शिकवणाऱ्या वर्गांनी गाडी चालवण्याआधी ती थांबवून सोडणे शिकवावे, अशी आमची मागणी आहे. परंतु त्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. औषधाच्या दुकानासमोर इंजिन बंद करावयास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही. आणि मुलाला हाताशी धरून दुकानात नेले, तर दोन मिनिटांची तीन होतील, एवढेच.