पश्चिमेस समुद्र

गहाणखतात मालमत्तेची चतुःसीमा लिहावी लागते. मालवण तालुक्यातील देवबागच्या एका घरासाठी १९८८ साली मी ती तपासली होती : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस समुद्र. कागद अगदी चोख. समुद्र ही काही स्थिर सीमा नव्हे, हे ना मला सुचले, ना वकिलाला. जोत्यासाठी किनाऱ्यावरचा वाळूचा उंचवटा सपाट करण्यात आला. त्या खर्चालाही मीच मंजुरी दिली.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि समोरच पाण्याखाली तिचा दांडा करून ठेवतात. पुढच्या लाटा त्या दांड्यावर फुटतात. पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. मागचा उंचवटा ही किनाऱ्याची शिल्लक. उधाणात ती खर्ची पडते आणि माड वाचतात. ती शिल्लक धरून ठेवणाऱ्या वेलीला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. आम्ही ती वेलीसकट उपसली होती.

मग बंधाऱ्याची मागणी येते. मी तिला हसणार नाही. ओटीवर पाणी आलेल्या माणसाला वाळूचे शास्त्र ऐकवणे हा क्रूरपणा आहे. पण दगडी बंधारा मागची जमीन राखतो, पुढची पुळण नव्हे. आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू नेते, दगड खचतात, पुन्हा निविदा निघते. बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीची जमीन तुटू लागते. आणि दगडांवर रापण ओढता येत नाही.

१९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम रोखले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते अंतर ५० मीटरवर आणले. रेषाच आत सरकत असेल, तर हे मीटर मोजायचे कुठून?

माझी मागणी जुन्या बँकवाल्याची आहे. निविदेआधी काही वर्षे मे आणि डिसेंबरात पुळण मोजा. नदी किनाऱ्याला वाळू पुरवते, तेव्हा खाडीतला उपसाही त्याच खात्यात नावे टाका. शेजारच्या वाडीचे नुकसान बंधाऱ्याच्या खर्चात धरा.

ते कर्ज वेळेवर फिटले. गेल्या वर्षी मुद्दाम जाऊन आलो. तपासणीच्या वेळी घरापुढे माडांच्या चार रांगा मोजल्या होत्या. आता दोन आहेत. मालकांनी चहाबरोबर बंधाऱ्याचा अर्ज पुढे केला. "सायबानू, हेच्यार सय करा."

मी केली.